हिपॅटायटिस सी, अमेरिकेतले तुरुंग आणि लॅटिनो समाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कौंटी रुग्णालयांत, फार्मसीत, सार्वजनिक आरोग्य खात्यात किंवा थेट तुरुंगाच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मराठी मंडळींसमोर हा विषय कधी ना कधी येतो. समोरचा पेशंट स्पॅनिश बोलतो, नुकताच सुटून आलेला असतो, आणि 'रक्तात काहीतरी निघालंय' एवढंच त्याला सांगितलेलं असतं. अशा वेळी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आजार पूर्ण बरा होतो, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवावी.

हिपॅटायटिस सी हा नेमका कसला आजार?

रक्तातून पसरणारा आणि यकृतात ठाण मांडून बसणारा विषाणू. त्याचा शोध १९८९ साली लागला. त्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. लागण झालेल्या दहांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून तो काही महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्या सातांमध्ये वर्षानुवर्षे राहतो, आणि वीसेक वर्षांत त्यांतल्या १५ ते ३० टक्के लोकांना सिरॉसिस होतो, म्हणजे व्रण पडून यकृत कडक होतं. त्यातून पुढे यकृत निकामी होणं किंवा यकृताचा कॅन्सर.

बहुतेकांना या काळात काहीच जाणवत नाही. कावीळ दिसतेच असं नाही. थकवा आला तर तो कामाचा समजला जातो. म्हणून लक्षणांची वाट पाहणाऱ्याला हा आजार फार उशिरा सापडतो.

तो कशाने पसरतो?

रक्तातून रक्तात. अमेरिकेत आज सर्वांत मोठा मार्ग म्हणजे नशेच्या इंजेक्शनची सुई वाटून घेणं. सुईच नाही, तर औषध विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस आणि पाणी यांतूनही तो जातो. हे नशा करणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात हा विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. त्याशिवाय निर्जंतुक न केलेल्या सुईने काढलेलं गोंदण, दुसऱ्याचा वस्तरा, आणि १९९२ च्या आधी अमेरिकेत घेतलेलं रक्त. बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते. लैंगिक संबंधातून धोका सहसा कमी, पण एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांमध्ये तो वाढतो.

एका ताटात जेवणं, मिठी मारणं, एकच संडास वापरणं, खोकला, डास यांतून तो पसरत नाही.

मग तुरुंगांतच त्याचं प्रमाण इतकं जास्त का?

कारण अमेरिकेने व्यसनाचा प्रश्न दवाखान्याऐवजी तुरुंगाकडे सोपवला. इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी अटक होण्याची शक्यता फार मोठी असते. सामान्य लोकसंख्येत शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. तुरुंगांतलं प्रमाण त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त भरतं. देशातल्या सगळ्या हिपॅटायटिस सी रुग्णांपैकी जवळपास तीस टक्के लोक एका वर्षात कुठल्या ना कुठल्या जेलमधून जातात, असा एक जुना पण अजून वापरला जाणारा अंदाज आहे.

बहुतेक जण आजार बाहेरूनच घेऊन येतात. आत गेल्यावर धोका थांबत नाही: सुई मिळणं अवघड, म्हणून एकच सुई अनेक हातांतून फिरते. गोंदणाची यंत्रं छोट्या मोटारी आणि गिटारच्या तारेपासून बनवली जातात आणि शाईही वाटून घेतली जाते. स्पेनच्या तुरुंगांत स्वच्छ सुया देण्याची सोय पूर्वीपासून आहे. अमेरिकेच्या एकाही तुरुंगात ती नाही.

लॅटिनो समाजाचा वेगळा विचार कशासाठी? सगळ्यांनाच तपासलं की झालं ना?

सगळ्यांनाच तपासायला हवं, हे खरंच. पण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या (सरकारी भाषेत 'हिस्पॅनिक') लोकांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतली पहिली आकड्यांतच लपते.

'लॅटिनो' या एका रकान्यात सहा कोटींहून अधिक माणसं बसवली जातात. मेक्सिकन वंशाचे शेतमजूर, मायामीतले क्यूबन, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले प्वेर्तो रिकन, नुकतेच आलेले व्हेनेझुएलन. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी सोळा हजारांहून अधिक लॅटिनो प्रौढांचा मोठा आरोग्य अभ्यास झाला. त्यात हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांचं (विषाणू येऊन गेल्याची रक्तातली खूण) एकूण प्रमाण होतं सुमारे २ टक्के. वरवर पाहता चिंतेचं काही नाही. पण दक्षिण अमेरिकन पुरुषांत ते ०.४ टक्के होतं आणि प्वेर्तो रिकन पुरुषांत ११.६ टक्के. हे दोन आकडे एकत्र करून सरासरी काढणारा अधिकारी प्वेर्तो रिकन माणसाचा आजार कागदावरून पुसून टाकतो. आरोग्य खात्याच्या कुठल्याही अहवालात 'हिस्पॅनिक' असा एकच आकडा दिसला तर मूळ गाव-देशानुसार फोड मागावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

प्वेर्तो रिकन पुरुषांत प्रमाण इतकं का, याला इतिहास आहे. प्वेर्तो रिको बेट आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये हेरॉइन घेणाऱ्यांची ये-जा अनेक दशकांची आहे. बेटावर मेथाडोनसारखे (हेरॉइनची ओढ शमवणाऱ्या औषधाचे) उपचार आणि स्वच्छ सुया पुरेशा मिळत नव्हत्या, त्यामुळे तिथे इंजेक्शनचं प्रमाण आणि सुई वाटून घेणं न्यूयॉर्कपेक्षा जास्त आढळलं. माणूस जिथे जातो तिथे त्या सवयी आणि तो विषाणू बरोबर जातात.

दुसरी गोष्ट यकृताची. लॅटिनो लोकांत, विशेषतः मेक्सिकन वंशाच्या लोकांत, यकृतावर चरबी साठण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. त्यामागे मधुमेह आणि वजन आहेच, शिवाय पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार त्यांच्यात अधिक आढळतो. चरबीने आधीच थकलेल्या यकृतावर विषाणू येऊन बसला की व्रण लवकर पडतात. अमेरिकेत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांच्या तुलनेत लॅटिनोंमध्ये साधारण दुप्पट आहे. म्हणजे निदानाला झालेला तोच उशीर त्यांना जास्त महागात पडतो.

तिसरी गोष्ट तुरुंगाची. राज्यांच्या आणि संघीय तुरुंगांतल्या कैद्यांत लॅटिनो सुमारे २३ टक्के आहेत, लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त. एकट्या संघीय तुरुंगांत तर दहातले तिघे. बाहेर ज्यांच्याकडे आरोग्य विमा नाही, ज्यांचा ठरलेला डॉक्टर नाही, अशांची संख्या याच समाजात सर्वाधिक. अनेकांच्या आयुष्यातली पहिली पूर्ण रक्ततपासणी तुरुंगातच होते.

तपासणी कोणी आणि किती वेळा करावी?

अमेरिकेच्या सीडीसीने (संघीय रोगनियंत्रण संस्थेने) एप्रिल २०२० मध्ये नियम सोपा केला: १८ वर्षांवरील प्रत्येकाने आयुष्यात एकदा, आणि स्त्रीने प्रत्येक गरोदरपणात. त्याआधी १९४५ ते १९६५ मध्ये जन्मलेल्यांवर भर होता. तो भर तरुण व्यसनी मुलांना सोडून जायचा. ज्याचा धोका चालू आहे, त्याने ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाला तपासणी देऊ करावी, अशी यकृततज्ज्ञांच्या संघटनांची शिफारस आहे.

'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे आजार आहेच का?

नाही. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो.

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती फक्त सांगते की हा विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला. आपोआप बरे झालेल्यांची आणि उपचाराने बरे झालेल्यांचीही ही चाचणी जन्मभर पॉझिटिव्हच येते. विषाणू आत्ता आहे की नाही, हे आरएनए चाचणी सांगते. ती केल्याशिवाय कोणालाही 'तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे' असं सांगू नये.

दोन चाचण्यांसाठी दोनदा रक्त घ्यायचं ठरवलं की तुरुंगात माणूस हातातून निसटतो. पहिला रिपोर्ट येतो तोवर त्याचा जामीन झालेला असतो, किंवा त्याला दुसऱ्या कौंटीत हलवलेलं असतं. म्हणून सीडीसीने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की एकाच वेळी घेतलेल्या रक्तावर, पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की प्रयोगशाळेने आपणहून आरएनए करावी. जून २०२४ मध्ये आणखी एक दार उघडलं: बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर तासाभरात आरएनएचं उत्तर देणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. जेलसाठी याहून उपयोगी साधन मला दुसरं दिसत नाही.

लागण नुकतीच झाली असेल तर प्रतिपिंडं दिसायला ८ ते ११ आठवडे लागतात, आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच दिसतो. शंका असेल तर आरएनए चाचणीच करून घ्यावी.

कैद्याला विचारून तपासावं की सरसकट?

सरसकट, पण नकाराचा हक्क ठेवून. 'नेहमीच्या तपासण्यांत ही पण आहे, नको असेल तर सांगा' असं म्हणणं वेगळं, आणि 'हिपॅटायटिसची टेस्ट हवी का?' असं विचारणं वेगळं. दुसऱ्या पद्धतीत बरेच जण नाही म्हणतात, कारण हो म्हणणं म्हणजे सुई घेतो अशी कबुली दिल्यासारखं वाटतं.

वेळही महत्त्वाची. अटकेच्या पहिल्या रात्री माणूस नशेत असतो किंवा नशा उतरताना थरथरत असतो. घरी कोणाला कळवायचं याची काळजी डोक्यात असते. त्या क्षणी दिलेला नकार कायमचा धरू नये. चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारावं.

आणि भाषा. स्पॅनिश बोलणाऱ्या कैद्याला दुसरा कैदी किंवा पहारेकरी दुभाषी म्हणून देणं मला अजिबात मान्य नाही. संपूर्ण बराकीला त्याचा आजार संध्याकाळपर्यंत कळतो. फोनवरून का होईना, प्रशिक्षित वैद्यकीय दुभाषी हवा. ग्वाटेमाला किंवा दक्षिण मेक्सिकोतून आलेल्या काहींची भाषा स्पॅनिशही नसते, माम किंवा मिश्तेक असते. ते मान डोलावतात, पण कळलेलं नसतं. कळलं की नाही ते त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावून पाहावं.

रिपोर्टमुळे इमिग्रेशनची अडचण होईल का?

ही भीती खूप लोकांना गप्प करते, म्हणून स्पष्ट सांगतो. इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत ज्या संसर्गजन्य आजारांमुळे प्रवेश नाकारला जाऊ शकतो, त्या यादीत हिपॅटायटिस सी नाही. व्यसन किंवा ड्रग्जचा गुन्हा हा मात्र वेगळा आणि गंभीर कायदेशीर प्रश्न आहे. त्याबद्दल इमिग्रेशन वकिलाशीच बोलावं. नर्सने किंवा दुभाष्याने त्यावर सल्ला देऊ नये.

जेलमध्ये उपचार पूर्ण होऊ शकतात का?

अमेरिकेत कौंटी जेल आणि राज्याचे किंवा संघीय तुरुंग हे दोन वेगळे संसार आहेत. कौंटी जेलमधले दहातले सातेक जण कच्चे कैदी असतात. सरासरी मुक्काम महिनाभराचा, अनेकांचा तर दोन-चार दिवसांचा. शिक्षा झालेला माणूस राज्याच्या तुरुंगात वर्षानुवर्षे असतो. उपचार ८ ते १२ आठवड्यांचे. तेव्हा तुरुंगात उपचार पूर्ण न करण्याला वेळेची सबब चालत नाही. जेलमध्ये काम आहे ते तपासणीचं, शक्य तिथे उपचार सुरू करण्याचं, आणि बाहेरच्या दवाखान्यात पेशंट पोहोचवण्याचं. नुसता पत्ता लिहिलेला कागद हातात देणं याला पोहोचवणं म्हणत नाहीत.

कैद्याला औषध मिळण्याचा हक्क आहे का?

आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात ठरवलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हा घटनेच्या आठव्या दुरुस्तीचा, म्हणजे क्रूर शिक्षेला असलेल्या बंदीचा, भंग आहे. बाहेरच्या नागरिकाला असा हक्क नाही, कैद्याला आहे.

प्रत्यक्षात आड आली ती किंमत. सोफोसबुविर हे या आजारावरचं औषध डिसेंबर २०१३ मध्ये बाजारात आलं ते एका गोळीला १००० डॉलर, बारा आठवड्यांच्या कोर्सला ८४,००० डॉलर या भावाने. ही गोळी सगळ्या बाधित कैद्यांना दिली तर तुरुंगांचं आरोग्याचं बजेटच संपेल, असं राज्ये म्हणाली आणि यकृत पुरतं खराब झालेल्यांनाच औषध द्यायचं धोरण ठेवलं. म्हणजे माणूस पुरेसा आजारी होईपर्यंत थांबायचं. पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा राज्यांत कैदी कोर्टात गेले. काही ठिकाणी जिंकले, काही ठिकाणी वरच्या कोर्टाने हात आखडता घेतला. पुढे स्पर्धा आली. २०१७ मध्ये आठ आठवड्यांचं एक औषध २६,४०० डॉलरच्या छापील किमतीला आलं, आणि सवलतीचे करार झाल्यावर प्रत्यक्ष किंमत त्याहून खाली जाते. लुइझियानाने २०१९ मध्ये कंपनीशी करार केला: वर्षाला ठरलेली रक्कम, त्यात गरिबांच्या विम्यावरचे लोक आणि कैदी यांच्यासाठी लागेल तेवढं औषध.

आणखी एक अडसर १९६५ पासूनचा: माणूस आत गेला की मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा थांबतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा परवानगी मिळाली की सुटकेच्या आधीचे ९० दिवस मेडिकेडने खर्च उचलावा. त्यानंतर इतर राज्येही त्या मार्गाने गेली.

असं काम कुठे नीट झालेलं आहे का?

न्यू मेक्सिकोकडे पाहावं. या राज्यात जवळपास निम्मी लोकसंख्या हिस्पॅनिक आहे, आणि उत्तरेकडच्या रिओ अरिबा कौंटीत हेरॉइनने पिढ्या पोखरल्या. अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत ती कौंटी अनेक वर्षे देशात अग्रक्रमावर होती. साहजिकच तुरुंगात हा आजार भरून राहिला.

आल्बुकर्कीतले भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे पेशंट तासन्‌तास गाडी चालवून यायचे आणि त्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. कैदी तर येऊच शकत नव्हते. २००३ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला: खेड्यातला डॉक्टर आणि तुरुंगातला डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर विद्यापीठातल्या तज्ज्ञांसमोर केस मांडणार, आणि पेशंट जिथे आहे तिथेच उपचार होणार. २०११ मध्ये निकाल छापून आले. त्यांत १६ ग्रामीण केंद्रं आणि ५ तुरुंग होते. विद्यापीठात ५७.५ टक्के पेशंट बरे झाले, बाहेरच्या केंद्रांत ५८.२ टक्के. ते दिवस इंटरफेरॉनच्या त्रासदायक इंजेक्शनांचे होते, म्हणून आकडे आजच्या मानाने कमी. पण तुरुंगात चांगले उपचार होऊ शकत नाहीत हा समज तिथे संपायला हवा होता.

याच राज्यात २००९ पासून कैद्यांनाच आरोग्यशिक्षक म्हणून तयार केलं गेलं. गोंदणाची सुई, वाटून घेतलेला कापूस यांबद्दल डॉक्टरपेक्षा बराकीतल्या माणसाचं ऐकलं जातं.

तरीही २०१८ च्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या ४० टक्क्यांहून अधिक कैद्यांना आजार होता आणि औषध मिळत होतं मूठभरांना. ज्ञान होतं, डॉक्टर होते, पैसा नव्हता. २०२० मध्ये विधिमंडळाने तुरुंगांतल्या उपचारांसाठी २.२ कोटी डॉलर दिले, तेव्हा गाडी हलली. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा क्रम: ज्ञान आणि पैसा यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली, आणि ती वर्षं कैद्यांच्या यकृतांनी भरली.

उपचार कसे असतात?

रोजच्या गोळ्या, ८ किंवा १२ आठवडे. ९५ टक्क्यांहून अधिक बरे होतात. त्रास सहसा किरकोळ. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं अत्यावश्यक, कारण हे उपचार चालू असताना दबलेला बी उसळू शकतो. एचआयव्ही तपासावा. वय, प्लेटलेट आणि यकृताच्या दोन साध्या चाचण्यांवरून व्रणांचा अंदाज येतो. त्यासाठी बहुतेकांना सुई टोचून यकृताचा तुकडा काढावा लागत नाही.

मेथाडोन किंवा त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तरी गोळ्या घेता येतात. सध्या नशा करतो म्हणून कोणाला नाकारू नये. मिरगी, क्षय, हृदयाची लय आणि ॲसिडिटी यांवरची काही औषधं मात्र या गोळ्यांशी जुळत नाहीत. जडीबुटीचा चहा घेत असेल तर तोही विचारावा, पण रागावून नाही. आपल्याकडे काविळीला मंतरलेली माळ घालणारी माणसं आहेतच. त्यांना हसून कोणी दवाखान्यात आलेलं नाही.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए केला आणि विषाणू दिसला नाही, तर आजार बरा झाला. सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते.

एकदा बरं झालं की पुन्हा होत नाही ना?

होऊ शकतो. याला लस नाही आणि आधीच्या लागणीने संरक्षण मिळत नाही. पुन्हा झाला तर पुन्हा उपचार करावेत. तुरुंगातच व्यसनावरचं औषध मिळालं आणि सुटल्यावर ते तुटलं नाही, तर हा धोका कमी होतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे अतिसेवनाने मरण्याचा धोका फार वाढलेला असतो, त्यामुळे नॅलोक्सोन (अतिसेवन उलटवणारं औषध) बरोबर देणं हा याच कामाचा भाग मानावा.

घरच्यांनी काय काळजी घ्यावी?

वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश वेगळा. जखम झाकलेली. एवढंच. ताट-वाटी वेगळी करू नये, मुलांना जवळ येऊ द्यावं. आईने अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनाग्र चिरून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबावं.

भारतातल्या तुरुंगांना हे लागू पडतं का?

आजार तोच आणि औषधही तेच. सोफोसबुविर बनवण्याचे परवाने भारतीय कंपन्यांना २०१४ मध्येच मिळाले, त्यामुळे आपल्याकडे किंमत अमेरिकेच्या अगदी अल्पांश. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अमेरिकेला किमतीने अडवलं. इथे ती सबब नाही.

गोळ्या चालू असतानाच सुटका झाली तर?

उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी हातात द्यायला सांगाव्यात. नातेवाइकाने किंवा वकिलाने सुटकेच्या आधी जेलच्या दवाखान्याला तसं लेखी कळवलं तर उत्तम. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि शेवटचा आरएनए रिपोर्ट एका कागदावर घ्यावा. मेडिकेड लगेच पुन्हा सुरू करून घ्यावा. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्यासाठी उत्पन्न पाहून फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आणि औषध कंपन्यांच्या मदत योजना आहेत. कागदपत्रांचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून तिथल्याच संस्थेला विचारावं.

मध्ये काही दिवस चुकले तर आता उपयोग नाही असं समजून सोडून देऊ नये. खंड आठवडाभराचा असेल तर बहुतेक वेळा तिथूनच पुढे कोर्स पूर्ण करता येतो. त्याहून मोठा असेल तर डॉक्टर आरएनए करून ठरवतात. दोन्ही वेळी पहिली गोष्ट एकच: घरात गोळ्या असतील तर आजची गोळी आजच घ्यावी, आणि दवाखान्याला फोन करावा.